क्रियापद आणि भाडेकरार

परदेशस्थ मराठी घरांत लिंगभावाचा विषय निघाला म्हणजे ज्येष्ठांकडून बहुधा दोहोंपैकी एक उत्तर मिळते. पहिले असे की, हे सारे इकडचे खूळ आहे, इकडच्या शाळांनी ते मुलांच्या डोक्यात भरवले आहे, आणि आपण वसईला, सांगलीला किंवा अमरावतीला लहानाचे मोठे झालो तेव्हा असले काही नव्हते. दुसरे उत्तर याच्या अगदी उलट दिशेचे, पण तितक्याच निश्चिंत मनाने दिलेले असते: आपल्या संस्कृतीला यात नवल ते काय, आपल्याकडे अर्धनारीनटेश्वर आहे, शिखंडी आहे, बृहन्नडा आहे, शुभकार्यात तृतीयपंथीयांचा आशीर्वाद घेण्याची चाल आहे. एकात संपूर्ण नकार असतो, दुसऱ्यात संपूर्ण समाधान असते. परिणाम मात्र दोहोंचा एकच होतो, की ज्या मुलाने धीर करून स्वतःविषयी काही सांगावयास तोंड उघडले होते त्याला पुढे बोलण्यास जागा उरत नाही. ही दोन्ही उत्तरे ज्या भूमीच्या नावाने दिली जातात त्या भूमीवरच त्यांची परीक्षा झाली पाहिजे, म्हणून माझे बालपण जेथे गेले त्या वसई-विरारच्या टापूची साक्ष मी येथे काढीत आहे.

वसई म्हटले की आपल्यापैकी पुष्कळांना चिमाजी अप्पांनी १७३९ साली जिंकलेला किल्ला आणि आगाशी-निर्मळकडच्या केळीच्या व फुलांच्या वाड्या आठवतात. त्या वाड्यांच्या पूर्वेस, रेल्वेच्या दोन्ही अंगांना, नायगाव, वसई रोड, नालासोपारा आणि विरार या स्थानकांभोवती आज एक अवाढव्य शहर पसरले आहे. त्याची महानगरपालिका ३ जुलै २००९ रोजी अस्तित्वात आली आणि २०११ च्या जनगणनेतच त्याची लोकसंख्या बारा लाखांवर गेली होती. मुंबईचे भाडे ज्याला झेपत नाही आणि डिपॉझिटची तजवीज ज्याच्याकडून होत नाही, तो माणूस पश्चिम रेल्वेच्या मार्गाने उत्तरेकडे सरकत सरकत येथे येऊन स्थिरावतो. गिरण्या बंद पडल्यावर गिरणगाव सोडलेली कुटुंबे अशी आली, कोकणातून आणि उत्तर प्रदेशातून आलेली अशी आली, आणि मुंबईतले घरमालक ज्यांना उंबऱ्यावरूनच परत पाठवीत त्या पारलिंगी व्यक्तीही अशाच आल्या. शिवाय याच मातीतल्या घरांत जन्मलेल्याही आहेतच. 'आमच्या वेळी नव्हते' असे म्हणणाऱ्यांना मी एवढेच सांगेन, की माझ्या लहानपणी वसईतल्या पापडीच्या बाजारात टाळी वाजवीत दुकानांपुढून जाणारी मंडळी आम्ही मुले नेहमी पाहत होतो. घरी विचारले तर 'तिकडे बघू नये' एवढेच उत्तर मिळे, आणि न बघण्याची ती शिकवण आम्ही इतक्या निष्ठेने पाळली, की जे डोळ्यांसमोर होते ते नव्हतेच, असे आता प्रामाणिकपणे वाटू लागले आहे.

मागे वसईला गेले असताना सकाळच्या उतरत्या विरार लोकलने, बायकांच्या सेकंड क्लासच्या डब्यातून, मी जात होते. दादरच्या फुलबाजारातून रिकाम्या टोपल्या घेऊन परतणाऱ्या बायका दाराजवळच्या बाकांवर बसल्या होत्या. वसई रोडला डब्यात एक तृतीयपंथी बाई चढली. गर्द निळी साडी, चापूनचोपून बांधलेला अंबाडा, आणि डाव्या हाताच्या बोटांच्या बेचक्यांत लांबट घड्या घालून खोचलेल्या दहा-दहाच्या नोटा. टाळी वाजताच कॉलेजच्या दोन मुलींनी मोबाइलमध्ये मान खाली घातली. एका आईने पर्समधून नोट काढून दिली आणि आशीर्वादासाठी मुलाचे डोके पुढे केले. दाराजवळच्या एका फुलवालीने मात्र आपली टोपली पायांशी ओढून घेतली, बाकावर चौथीपुरती जागा केली आणि म्हणाली, 'बस गं जरा. त्या दिवशी डॉक्टरकडे गेली होतीस, काय म्हणाला तो?' उत्तरही तितकेच साधे आले: साखर वाढली आहे, गोळ्या बदलून दिल्या आहेत, आणि केसपेपर काढताना नावाच्या रकान्यावरून या खेपेलाही बराच वेळ गेला. नालासोपारा जाऊन विरार येईपर्यंत त्या दोघी भात खावा की नाचणी यावरच बोलत होत्या. परदेशातल्या आपल्या मराठी मंडळात मला ऐकू येणारी दोन्ही उत्तरे त्या डब्यात हजर होती; खाली घातलेली मान हे एक, आणि पुढे केलेले मुलाचे डोके हे दुसरे. त्या बाईशी बोलली ती फक्त फुलवाली.

डब्यात असे पैसे मागण्याला तृतीयपंथीयांच्या जमातीत 'मांगती' म्हणतात, आणि लग्नाच्या किंवा बारशाच्या घरी जाऊन बिदागी घेण्याला 'बधाई'. मांगतीविषयी प्रवाशांची तक्रार असते, की अडवणूक होते, शिव्याशाप दिले जातात. ही तक्रार खोटी नाही, आणि रेल्वेच्या १९८९ च्या कायद्यातील १४४ वे कलम गाडीत भीक मागण्यास मनाई करते हेही खरे आहे. परंतु जी गोष्ट आज पोलिसांच्या दंडुक्याच्या कक्षेत येते ती एके काळी सरकारी दफ्तरात हक्क म्हणून नोंदली जात होती, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असते. लॉरेन्स प्रेस्टन या इतिहाससंशोधकाने मुंबई इलाख्याच्या दफ्तरांतील कागद तपासून १९८७ मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. त्यावरून दिसते ते असे, की मराठी राज्यात हिजड्यांपैकी काहींना ठरावीक मुलखातून पैसा व धान्य गोळा करण्याचा हक्क सनदेने मिळालेला होता, काहींकडे इनाम जमिनी होत्या, आणि हे हक्क गुरूकडून चेल्याकडे वतनासारखे चालत येत. कंपनी सरकारने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास इनामांची छाननी केली तेव्हा असले हक्क सार्वजनिक सभ्यतेस बाधक ठरले आणि चेल्यांच्या नावे ते पुढे चालविण्यास नकार मिळाला. पुढे १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याच्या दुसऱ्या भागाने उत्तर हिंदुस्थानात या लोकांची नावे पोलिसांच्या नोंदवहीत चढविली आणि नोंदलेल्या माणसाने स्त्रीवेषाने रस्त्यावर दिसणे हाच अपराध ठरविला. ज्यांना मराठी राज्याच्या सनदांचा, दाखल्यांचा आणि वतनांचा अभिमान आहे, आणि तो मलाही आहे, त्यांनी हे वतन कोणी व कोणत्या कारणाने खालसा केले याचीही आठवण ठेवावी. कारण लाज वाटण्याची जी भाषा आपण आज आपली परंपरा म्हणून बोलतो तिच्यातला मोठा भाग त्या साहेबी कचेरीतून आलेला आहे.

'इकडचे खूळ' या म्हणण्याला सनावळीचाही आधार मिळत नाही. भारताच्या सर्वोच्च न्यायालयात राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या याचिकेचा निकाल १५ एप्रिल २०१४ रोजी न्यायमूर्ती के. एस. राधाकृष्णन आणि न्यायमूर्ती ए. के. सिकरी यांनी दिला. त्या प्रकरणात ठाण्याच्या तृतीयपंथी कार्यकर्त्या लक्ष्मीनारायण त्रिपाठी यांनी आपले म्हणणे मांडले होते. आपला लिंगभाव कोणता हे ज्याचे त्याने ठरवावयाचे, आणि त्यासाठी शस्त्रक्रियेची अट घालणे अनैतिक व बेकायदा होय, असे त्या निकालात स्वच्छ नमूद आहे. ज्या ब्रिटनकडे आपण या बाबतीत बोट दाखवितो त्या देशाच्या २००४ च्या कायद्याने मान्यतेसाठी डॉक्टरांचे निदान आणि दोन वर्षे त्या लिंगभावाने जगल्याचा पुरावा मागितला होता. इकडची कित्येक सरकारे अजून डॉक्टरांच्या चिठ्ठ्या गोळा करीत असताना दिल्लीच्या न्यायासनावरून हा निवाडा झाला, ही गोष्ट आपल्या मुलांना सांगण्याजोगी आहे. आपण ती सांगत नाही, आणि मग या विषयावर त्यांना फक्त इंग्रजीतूनच बोलता येते याचे आपल्याला वाईट वाटते.

त्याच २०१४ साली, १ ऑगस्टला, ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर जिल्हा निर्माण झाला, आणि वसई-विरारचा रहिवासी ज्या कचेरीच्या हुकमतीखाली होता ती कचेरी बदलली. पुढे पारलिंगी व्यक्तींच्या हक्कांच्या संरक्षणाचा २०१९ चा कायदा झाला आणि १० जानेवारी २०२० पासून अमलात आला. त्याखालील नियमांनी अशी तरतूद केली, की प्रतिज्ञापत्रासह जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा आणि वैद्यकीय तपासणीवाचून पारलिंगी असल्याचा दाखला मिळावा. मात्र शस्त्रक्रियेनंतर स्त्री किंवा पुरुष असा सुधारित दाखला हवा असेल तर रुग्णालयाचे प्रमाणपत्र जोडावे. न्यायालयाने जे माणसाच्या स्वतःच्या शब्दावर सोडले होते त्याचा अर्धा भाग कायद्याने पुन्हा डॉक्टरांच्या हाती दिला, हा जमातीतील कार्यकर्त्यांचा आक्षेप मला सर्वथा रास्त वाटतो. परंतु विरारच्या चाळीत राहणाऱ्याची अडचण त्याहून आधीच्या पायरीवरची असते. अर्ज नोव्हेंबर २०२० पासून संगणकावरून करण्याची सोय झाली, म्हणजे डहाणू लोकलने वैतरणा, सफाळे, केळवे रोड करीत पालघरला खेटे घालण्याची गरज कमी झाली. पण अर्जदार त्या जिल्ह्यात सलग बारा महिने राहत असला पाहिजे अशी नियमात अट होती, आणि राहत असल्याचा पुरावा म्हणून जो कागद लागतो तो त्याच्याजवळ नसतो. खोली तोंडी बोलीवर घेतलेली असते, भाडे रोखीने दिले जाते, पावती मागितली तर खोलीच जाईल अशी धास्ती असते. भाडेकरार नाही म्हणून पत्ता नाही, पत्ता नाही म्हणून शिधापत्रिका नाही, आधारकार्डावर जुने नाव आणि जुन्या गावाचा पत्ता, आणि त्यामुळे दाखल्याचा अर्ज अर्ध्यातच अडतो. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात ४०,८९१ व्यक्तींची नोंद 'इतर' या सदरात झाली होती. २०२४ च्या विधानसभा निवडणुकीच्या मतदारयादीत तृतीयपंथी मतदार ६,१०१ होते. जनगणनेच्या आकड्यात मुलेही धरलेली होती हे मान्य केले, तरी या दोन आकड्यांमध्ये जी माणसे गळाली ती कुठे गेली, याचे बरेचसे उत्तर या न मिळणाऱ्या कागदात आहे.

आता घरातल्या बोलण्याकडे वळते, कारण कचेरीत जाण्याची वेळ येण्याच्या पुष्कळ आधी जे काही घडावयाचे ते तेथे घडून गेलेले असते. इंग्रजी बोलणाऱ्या समाजात हा वाद मुख्यतः तृतीय पुरुषाच्या सर्वनामावर होतो, म्हणजे एखाद्याविषयी इतरांनी काय म्हणावे यावर. मराठीत तो बोलणाऱ्याच्या स्वतःच्या तोंडात, प्रथम पुरुषातच उभा राहतो. 'मी आलो' किंवा 'मी आले' यांतून एकाची निवड केल्यावाचून मराठी मुलाला आपण शाळेतून घरी पोचल्याचेसुद्धा सांगता येत नाही. ज्याला स्वतःविषयी शंका आहे, किंवा शंका मुळीच नसून केवळ भीती आहे, असे मूल मग भाषेतल्या आडवाटा शोधून काढते. 'मला भूक लागली', 'मला जायचं आहे', 'मी पाहिलं', 'मी खाल्लं', 'मी येईन': भविष्यकाळ बोलणाऱ्याचे लिंग उघड करीत नाही, सकर्मक क्रियापद भूतकाळात कर्माच्या मागे जाते, आणि 'मला' म्हणून आरंभिलेल्या वाक्यात तर तो प्रश्नच उद्भवत नाही. असे मूल वर्षानुवर्षे या आडवाटांनी बोलत असते, आणि प्रत्येक वाक्य व्याकरणाने शुद्ध असल्यामुळे घरात कोणाच्या काही ध्यानात येत नाही. ज्या दिवशी ते जेवणाच्या ताटावर, सहज बोलल्यासारखे, दुसरे क्रियापद उच्चारते त्या दिवसामागे फार मोठी पूर्वतयारी असते. आणि आपण त्या क्षणी 'नीट बोल' असे म्हणतो तेव्हा त्या सर्व तयारीवर पाणी पडते.

क्रियापद असे बदलल्याने भाषा बाटेल अशी भीती काही मंडळींना वाटते. त्यांनी कोल्हापूरकडे पाहावे, जेथे पिढ्यान्‌पिढ्या मुलीबाळी 'मी आलो', 'मी जातो' असेच बोलत आल्या आहेत. आणि त्यांनी आपल्याच घरातले बाप आठवावेत, जे लेकीला लाडाने 'काय रे बाळा, आलास का' म्हणतात आणि ज्यांना त्यात काही विपरीत वाटत नाही. आपल्या भाषेत माया करताना लिंगाचे बंधन सैल करण्याची सवय आहे. ती सवय गरजेच्या वेळी वापरावयाची, एवढेच मागणे आहे.

माझ्या परिचयातील एका घरी हे कसे झाले ते सांगते. आजी वसईला, मुलगा-सून परदेशी, आणि मुलगी म्हणून वाढविलेले नातवंड अठरा वर्षांचे झाल्यावर रविवारच्या फोनवर आजीला 'मी जेवलो' असे म्हणू लागले. आजीला त्याचे फारसे काही वाटले नाही. ती लहानपणापासून त्याला 'रे'च म्हणत असे, तिने तेच पुढे चालविले, आणि नवे नाव दोनचार वेळा चुकून मग तेही तिच्या जिभेवर बसले. खडाजंगी झाली ती चुलत बहिणीच्या लग्नाच्या पत्रिकेवरून. पत्रिकेच्या तळाशी 'आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं' अशी ओळ घालून तिच्याखाली घरातल्या लहान मंडळींची नावे छापण्याची आपली चाल आहे. तेथे कोणते नाव घालावे, त्याच्यामागे 'कु.' असावे की 'चि.', यावरून दोन देशांत फोन झाले, वडील माणसे रुसली, छापखान्यात गेलेला मजकूर परत मागवावा लागला. शेवटी आजीने निर्णय दिला, की सर्व नातवंडांच्या नावांमागे सरसकट 'चि.' छापावे आणि या नातवाचे नाव तो सांगतो ते छापावे. पत्रिका तशी निघाली, लग्नही पार पडले. परंतु त्या मुलाचे वडील आजही त्याच्याशी मराठीत बोलत नाहीत. इंग्रजीत बोलतात; कारण इंग्रजीत 'आलास' म्हणावे की 'आलीस' हे ठरवावे लागत नाही. जो गृहस्थ आपल्या मंडळाच्या मराठी शाळेत शनिवारी बाराखडी शिकवितो त्याच्या स्वतःच्या घरातून मराठी अशा रीतीने उठून गेली. त्या बापाचे दुःख खरे आहे, त्याने मनाशी वाढविलेल्या मुलीला तो मुकला आहे असे त्याला वाटते, आणि त्या भावनेचा मी अनादर करीत नाही. पण मुलगा जिवंत आहे, समोर बसला आहे, आणि बापाच्या भाषेत त्याच्यासाठी एक क्रियापद मिळत नाही.

हीच गोष्ट विरारच्या अंगाने पाहावी. घरातून निघालेल्या, किंवा काढलेल्या, मुलाला जेव्हा गुरू पदरात घेतो, रीत, म्हणजे चेला करून घेण्याचा विधी, होते, आणि ते मूल पूनावाले, लखनौवाले, भेंडीबाजारवाले अशा एखाद्या घराण्याचे होते, तेव्हा त्याला आई, मावशी, आजी, बहीण अशी सगळी नाती नव्याने मिळतात. ती नाती आजारपणात उशाशी बसतात आणि मेल्यावर मातीला येतात; त्यांत गुरूची हुकमत, दंड आणि कमाईतला वाटा यांचा जाचही असतो, आणि तो असतो हे त्या जमातीतले लोकच सांगतात. परंतु तेथली बोली बहुतेक हिंदी असते, शिवाय आपसांतली एक गुप्त बोली असते. 'ये गं' म्हणणारे जग मिळते ते दुसऱ्या भाषेत, आणि मायबोली ज्या वयात घर सुटले त्या वयातच थांबून राहते. म्हणून या जमातीतून जे थोडेसे मराठीत लिहिले गेले त्याचे मोल मला फार वाटते. लक्ष्मीनारायण त्रिपाठी यांचे 'मी हिजडा... मी लक्ष्मी!' हे आत्मकथन मराठीत आले, आणि गुरूची चेली होऊनही आईबापांचे घर न सुटलेली व्यक्ती म्हणजे काय हे त्यातून वाचकांना कळले. दिशा पिंकी शेख यांच्या 'कुरूप' या संग्रहातील कविता मराठी आहेत. मंडळाच्या ग्रंथालयात ही पुस्तके असावीत अशी माझी विनंती आहे, आणि त्यांवर बोलण्यासाठी एखादी संध्याकाळ ठेवावी.

जन्माने मुलगी ठरविलेल्या पुरुषांना तर घराणेही नाही, टाळीही नाही, बधाईही नाही. त्यांची वस्ती कोठे दिसत नाही, त्यामुळे ते आहेत हेच समाजाला ठाऊक नसते. नालासोपाऱ्याच्या एखाद्या इमारतीत, एखाद्या कारखान्याच्या पाळीवर किंवा कुरिअरच्या दुचाकीवर ते असतात, आणि आपण कोण हे सांगण्यास त्यांच्यापाशी बोललेल्या शब्दावाचून दुसरे साधन नसते. त्या शब्दावर विश्वास ठेवावयाचा की नाही, एवढाच प्रश्न ऐकणाऱ्यापुढे असतो.

ऐकणारे मात्र बहुधा दुसरेच काही विचारतात. ओळख होऊन पाच मिनिटे झाली नाहीत तोच 'ऑपरेशन झालं का', 'आधीचं नाव काय', 'घरचे काय म्हणाले' असे प्रश्न अत्यंत सभ्य म्हणविणारी माणसे विचारतात. एरवी परक्या माणसाच्या शरीराविषयी चकार शब्द न काढणाऱ्या आपल्या समाजात हे धारिष्ट येते, कारण समोरच्याला चौकशीचा विषय मानण्याची आपल्याला सवय लागली आहे. वृत्तपत्रेही याच सवयीने 'तृतीयपंथीयांचा धुडगूस' असा मथळा देतात. गुन्हा एकाचा असला तरी मथळ्यात जमात येते, आणि बातमीत एकाच व्यक्तीचे क्रियापद एका परिच्छेदात पुल्लिंगी तर दुसऱ्यात स्त्रीलिंगी होते. त्या फुलवालीने साखरेची चौकशी केली. तिला काही प्रशिक्षण मिळाले नव्हते. समोरच्या बाईला एक आजार आहे आणि त्यावर आपल्याला काही ठाऊक आहे, एवढ्या आधाराने ती बोलली.

राहिला एक आक्षेप, जो पालक मनापासून घेतात आणि ज्याची मी हेटाळणी करणार नाही: मुलाचे मन पुढे पालटले तर? औषधोपचार आणि शस्त्रक्रिया यांचा निर्णय डॉक्टरांच्या सल्ल्याने, सबुरीने, ज्याचा त्याने घ्यावयाचा आहे, आणि त्यात या लेखाचा अधिकार नाही. क्रियापदाचे तसे नाही. ते आज दिले आणि उद्या मुलाने परत केले तर कोणाचेच नुकसान होत नाही. परंतु मागितले असता नाकारले, तर ज्या माणसाने नाकारले त्याच्याशी पुन्हा मनातले बोलावयाचे नाही असा निश्चय ते मूल करते, आणि त्या निश्चयाची वार्ता आईबापांना फार उशिरा लागते.

मंडळापुरते बोलावयाचे तर आपल्या सभासदत्वाच्या अर्जात नावामागे 'श्री./सौ./कु.' असा रकाना आहे आणि अपत्यांपुढे 'मुलगा/मुलगी'. गणपतीच्या जेवणाची पाने किती वाढावयाची हे ठरविण्यास यांपैकी कशाचीही आवश्यकता नाही. पुढील वार्षिक सभेत हे दोन्ही रकाने काढून टाकण्याचा ठराव मी मांडणार आहे आणि अनुमोदनाची अपेक्षा करते. संक्रांतीच्या हळदीकुंकवाच्या निमंत्रणात 'सर्व महिलांना' असे आपण लिहितो. ज्या स्वतःला महिला म्हणवितात त्या सर्वांना ते निमंत्रण आहे, हे एकदा सभेत मोठ्याने सांगितले गेले पाहिजे.

याहून महत्त्वाचे काम तिकडे आहे, आणि ते आपल्याच हातचे आहे. आपल्यापैकी अनेकांनी वसईच्या एव्हरशाइन सिटीत, विरारच्या ग्लोबल सिटीत किंवा स्टेशनजवळच्या एखाद्या जुन्या इमारतीत सदनिका घेऊन ठेवल्या आहेत. किल्ली दलालाकडे असते. तो फोनवर 'फॅमिलीच बघू ना?' असे विचारतो, आपण 'हो' म्हणतो, आणि त्या एका 'हो'ने कोणाकोणाला दार बंद झाले याचा विचार करण्याची वेळ आपल्यावर येत नाही. घर भाड्याने घेण्याच्या बाबतीत पारलिंगी व्यक्तीस नाकारणे किंवा वेगळी वागणूक देणे यास २०१९ च्या कायद्यानेच मनाई केली. पण दलालापर्यंत कायदा पोचत नाही, मालकाचा शब्द पोचतो. भावाच्या व माझ्या नावे विरारला असलेल्या सदनिकेसाठी आम्ही दलालाला लेखी कळविले आहे, की भाडेकरू पारलिंगी असल्यास आमची हरकत नाही, करार त्या व्यक्ती सांगतील त्या नावाने व जुन्या कागदावरील नावाचा उल्लेख ठेवून नोंदवावा, पोलिसांकडे भाडेकरूची माहिती इतरांची देतात तशीच द्यावी, भाडे बँकेत घ्यावे आणि पावती न चुकता द्यावी. सोसायटीच्या सचिवांनी शंका काढल्या. त्यांनाही पत्र पाठविले, आणि दोन महिन्यांच्या पत्रव्यवहारानंतर त्यांनी मान्य केले. त्या दोन्ही पत्रांचा मसुदा मंडळाच्या चिटणिसांकडे दिला आहे. ज्यांची तिकडे जागा आहे त्यांनी तो मागून घ्यावा, त्यात आपला पत्ता व सदनिकेचा क्रमांक भरावा आणि या सुटीत वसईला जाल तेव्हा दलालासमोर बसून वाचून दाखवावा; कराराच्या नोंदणीचा खर्च मालकाने सोसावा, म्हणजे बारा महिन्यांनी पालघरच्या अर्जाला जोडण्यास त्या भाडेकरूजवळ कागद होईल.